टोरांटोच्या आत्याला वाड्यावरची खबर काय सांगू?

प्रश्न : माझी आत्या लग्नानंतर टोरांटोला गेली, आता सत्तरी पार केलीय, गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. दर रविवारी फोन करून आमच्या वस्तीबद्दल "वाड्यावर काय नवीन?" विचारते, मी म्हणते काही नाही गं, पाऊस चालूय, की बोलणं संपलंच. त्यात शेजारच्या माई, तिची लहानपणची मैत्रीण, गेल्या महिन्यात वारल्या. बाबा म्हणतात तिला आत्ता सांगू नको, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय. काय करू?
– एक वाचक, म्हार्दोळ, गोवा

उत्तर : आधी माईंचं. सांगा, आणि चवथीच्या आधीच सांगा. चवथीला व्हिडिओ कॉलवर सगळा वाडा दिसेल तेव्हा आत्या पहिलं हेच विचारणार की माई कुठाय, आणि तेव्हा सगळ्यांसमोर कळलं तर जास्त लागेल. बाबांनाच फोन करू दे, भावाच्या तोंडून ऐकणं वेगळं. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे सध्या तिथे सकाळचे नऊ, त्या वेळेला करा म्हणजे रात्रभर एकटी रडत बसणार नाही. आजारपणाचे तपशील मात्र माईंच्या घरच्यांनीच सांगावेत, तुम्ही फक्त त्यांच्या मुलांचा नंबर द्या, तिला त्यांच्याशी बोलावंसं वाटेलच.

आता रविवारचं. "काही नाही" म्हणणं बंद करा बघू! मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत चालू झाला हे तिने कधीच वाचलं असणार, तसल्या बातम्या तिला तुमच्याकडून नकोयत. तिला हवंय की विहिरीजवळच्या मानकुरादाला यंदा आंबे धरले का, कोणी कौलं काढून स्लॅब घातला, मे महिन्यात कोणाच्या अंगणात सोलां (कोकमाची सालं) वाळत घातली होती आणि पाऊस आल्यावर ती उचलायला कोण कोण धावलं. आठवड्यात असं काही दिसलं की तिथल्या तिथे व्हॉइस नोट करून टाका, रविवारपर्यंत आपणच विसरतो. सकाळी पोदेर (पाववाला) भोंपू वाजवत येतो ना, तोही रेकॉर्ड करा, उंडे घेताना त्याच्याशी जे बोलता त्यासकट.

आणि माटोळी, गणपतीच्या वर फळं बांधून टांगतो ती! नुसता एक फोटो नका पाठवू. बांधून झाली की आरतीची गडबड सुरू व्हायच्या आधी हळूहळू व्हिडिओ काढा, आंबाडे, तोरिंग, कांगणां, चिबूड, सुपारीचं शिपटं, एकेका फळावर थांबून, आणि तिलाच नावं विचारा, तुम्हाला न येणारी दोन-चार ती नक्की सांगेल, मग ती लिहून ठेवा. घुमट-शामेळ या वाद्यांवरची आरती वेगळी रेकॉर्ड करा, कॉलवर तो आवाज नीट जात नाही.

अजून एक, तिच्या शेजारी कोण राहतं, बर्फात तिला भाजी कोण आणून देतं हे तुम्हाला माहितीय का? येत्या रविवारी तेही विचारा.