घरून काय पाजलंत, ते आधी सांगा

ऑपरेशनआधी वॉर्डात मुलाला गुंगीचं औषध पाजतात, त्याचा ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) भुलीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न पालक वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत असतात. काहींना इथे उत्तरं देते आहे.

मुलगी 5 वर्षांची, हर्नियाचं ऑपरेशन. आधी मिडाझोलाम पाजणार आहेत. वरून पुन्हा भूल म्हणजे डबल डोस नाही का?

नाही. आधीचं औषध धरूनच पुढचा डोस देतात. मिडाझोलाम तोंडावाटे साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम देतात. वीस-तीस मिनिटांत मूल सैलावतं. काहीच न दिलेल्या धडधाकट मुलाला शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध किलोमागे 2.5 ते 3.5 मिलिग्रॅम लागतं. मिडाझोलाम चढलेलं असेल तर बहुधा त्यातल्या कमी आकड्यावर, कधी त्याहूनही थोडक्यात भागतं. पण ही वजाबाकी कागदावर करता येत नाही. कुणी अर्धं औषध थुंकलेलं असतं, कुणाचा नंबर दोन तास पुढे गेल्याने असर ओसरलेला असतो. (ओटीच्या याद्या वेळेवर का चालत नाहीत, हे मला विचारू नका.) म्हणून मुलाकडे बघत, थांबत थांबत द्यायचं. किती, ते तुमच्या भूलतज्ज्ञाने टेबलाशी ठरवायचं.

पाजलेलं औषध ओकलं तर पुन्हा पाजावं का?

स्वतःहून नाही. नर्सला लगेच सांगा.

फिटची गोळी त्या सकाळी बंद ठेवायची ना?

मुळीच नाही. घोटभर पाण्याबरोबर ठरल्या वेळी द्या, आणि गोळीचं नाव भूलतज्ज्ञाला सांगा.

मुलगा फार घाबरट आहे. मेडिकलवाल्याने सर्दीचं सिरप दिलंय, त्याने झोप येते. दोन चमचे देऊन आणलं तर? शेजारच्यांनी तसंच केलं होतं.

देऊ नका. शेजारच्यांचं निभावलं, एवढाच त्याचा अर्थ.

वॉर्डात दिलेल्या औषधाची वेळ, डोस आणि मुलाचं वजन कागदावर असतं. तुम्ही घरी दिलेलं कुठेच नसतं. मग आम्ही मूल कोरं समजून मिडाझोलाम देतो, त्यावर भूल चढवतो, आणि तिन्हींचा भार एकाच श्वासावर पडतो. सर्दीच्या कित्येक सिरपांत क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने गुंगी येतेच. प्रोमेथाझिन हे तसंच गुंगी आणणारं औषध तर 2 वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं. श्वास मंदावून मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत. कानाच्या तपासणीसाठी मागे आणलेली ट्रायक्लोफॉस या झोपेच्या औषधाची बाटली फ्रिजमध्ये उरलेली असते, तिचा असर तर तासन् तास टिकतो. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर मिडाझोलाम अंगात रेंगाळतं, हेही कुणी आपणहून सांगत नाही. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही’ म्हणून पाजलेले थेंबही यात आले. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. दिलं असेल तर बाटलीच घेऊन या; फार तर ऑपरेशन पुढे ढकलू.

आणि सर्दीचं सिरप लागतंय म्हणजे सर्दी आहे, तीही कळवा. सर्दीत मुलाची श्वासनलिका चिडखोर असते.

पॅकेजमध्ये जादा पैसे भरून ‘नो टिअर्स’ नाकातला स्प्रे मिळतो. घ्यावा का?

बहुधा डेक्समेडेटोमिडिन असावं. औषध चांगलं, नाकात झोंबत नाही. पण चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, नाडी मंदावते, आणि त्यानेही भूल कमी लागते. कुठल्याही औषधाने रडणं हमखास टळत नाही. मिडाझोलामने तर एखादं मूल उलट चवताळतं. पैसे भरण्याआधी औषधाचं नाव विचारा, आणि दिल्यानंतर बोटाला ऑक्सिमीटर लावून शेजारी कोण बसणार तेही. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर पॅकेज राहू द्या.

टॉन्सिलचं ऑपरेशन आहे. मुलगा रात्री घोरतो, मध्येच श्वास अडकतो. हे सांगायला हवं?

हो, आणि आदल्या रात्री फोनवर नाही. अशा मुलाला गुंगीचं औषध कमी देतात किंवा देतच नाहीत. झोपेतला व्हिडिओ मोबाइलवर काढा आणि ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी भूलतज्ज्ञाला दाखवा.