स्पर्धेत प्रेक्षकाला चेंडू लागला, भरपाईचा निकाल आमच्या विरुद्ध गेला. अपील टिकेल का?

तुम्ही लिहिलंय की षटकाराचा चेंडू लागून प्रेक्षकाच्या डोळ्याला इजा झाली आणि दिवाणी कोर्टाने आयोजक म्हणून तुमचं मंडळ व फलंदाज दोघांवर भरपाईचा हुकूमनामा केला. मी दिवाणी कामं करतो. मला विचाराल तर फलंदाजाचं अपील टिकण्यासारखं आहे, मंडळाचं अवघड. म्हणून वकीलही दोघांचे वेगळे असू द्या.

फलंदाजाच्या उपयोगाचा एक जुना इंग्लिश निकाल आहे. 1959 साली लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये घोड्यांच्या स्पर्धेत 'वर्क ऑफ आर्ट' नावाचा घोडा वळणावर भरधाव बाहेर गेला. कडेला बाकाजवळ असलेला फोटोग्राफर घाबरून नेमका त्याच्याच वाटेत पडला. खालच्या कोर्टाने घोड्याच्या मालकाला 6,000 पौंड भरायला सांगितले. 1962 मध्ये अपील कोर्टाने ते रद्द केलं. कोर्टाचं म्हणणं, जिंकण्याच्या भरात खेळाडूचा अंदाज चुकला तर प्रेक्षकाला दाद मागता येत नाही. त्याच्या सुरक्षिततेची पर्वाच केली नसेल तर गोष्ट वेगळी. (घोड्याने त्या दिवशी बक्षीसही मारलं म्हणे!) वूल्ड्रिज विरुद्ध समनर हा तो निकाल. आपल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही, पण युक्तिवादात कामाला येतो.

मंडळाला मात्र हा आडोसा पुरत नाही. दोरी कुठे बांधायची, खुर्च्या किती लांब ठेवायच्या, जाळी लावायची की नाही, हे तुम्हीच ठरवलंत. माझ्याकडच्या एका प्रकरणात गर्दी किती शिस्तीत होती हे दाखवायला आयोजकांनी स्वतःच फोटो दाखल केला. त्यात पोरं सीमारेषेच्या फक्कीवर पाय टेकून बसलेली! समोरच्या वकिलाने उलटतपासणीत तेवढ्या फोटोवरच सगळे प्रश्न विचारले. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत, तेव्हा खाली काय काय दाखल झालंय ते आधी नीट वाचा.

नुसत्या रकमेवर भांडायचं असेल तर आकडा अगदीच अवाजवी किंवा चुकीच्या तत्त्वावर काढलेला असावा लागतो.

मुदत जिल्हा न्यायालयात 30 दिवस, हायकोर्टात 90. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज आजच टाका. अपील दाखल झालं म्हणून दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली, थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि कोर्ट बहुधा रक्कम किंवा तिचा काही भाग जमा करायला लावतं. वर्गणीच्या खात्यात किती शिल्लक आहे ते पाहून ठेवा. जखमी माणसालाही तुमच्याच अपिलात क्रॉस ऑब्जेक्शन (उलट हरकत) घालून रक्कम वाढवून मागता येते.