घराच्या बदल्यात घर: वाचकांचे प्रश्न

सुट्टीपुरतं अनोळखी कुटुंबाने आपल्या घरी राहायचं, आपण त्यांच्या. भाडं कोणीच कोणाला द्यायचं नाही. युरोपातल्या शिक्षकांनी १९५३ साली ‘इंटरव्हॅक’ ही संस्था काढून या अदलाबदलीला रीतसर रूप दिलं. आपल्याकडे ती अजून नवखी असल्यामुळे शंकाही भरपूर येतात.

आम्ही दोघं निवृत्त. नागपुरात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. कोकणात आठवडाभर राहायचंय, पण नागपुरात सुट्टीला येणार कोण? (नागपूर)

डिसेंबर-जानेवारीत येतील की! थंडी असते, संत्र्यांचा हंगाम असतो, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला जवळ, ताडोबाही गाडीच्या टप्प्यात. मात्र सकाळच्या सफारीसाठी तुमच्या घरून भल्या पहाटेच निघावं लागेल, हे आधीच सांगून टाका. मे महिन्यात कोणाला विचारूच नका.

खरी अडचण कोकणाच्या बाजूने येईल. गणपती, शिमगा आणि मे या दिवसांत तिथली घरं मुंबईच्या चाकरमान्यांनी भरलेली असतात. त्या तारखा सोडून मागा. दोन्ही कुटुंबांना एकाच आठवड्यात निघणं जमत नसेल तर वेगवेगळ्या वेळीही अदलाबदल होते, फक्त पाहुणे तुमच्या घरी असताना तुम्ही कुठे राहणार ते आधी ठरवा. मुलाकडे जायची सोय असेल तर प्रश्नच नाही. काही संकेतस्थळांवर पाहुण्यांना घर देऊन गुण मिळतात आणि ते तिसऱ्याच कुणाच्या घरी वापरता येतात.

घराचं वर्णन करताना ‘सर्व सोयींनी युक्त’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. कितवा मजला, लिफ्ट आहे का, पलंग किती, कमोड की भारतीय संडास, पाणी किती वाजता येतं, स्टेशनपासून रिक्षाने किती वेळ, हे लिहा.

किल्ली अनोळखी माणसाच्या हाती द्यायची कशी? काय काय तपासावं? (ठाणे)

निदान दोनदा व्हिडिओ कॉल करा. दुसऱ्या वेळी त्यांना सोसायटीच्या गेटपासून चालत घरात यायला आणि किचन, बाथरूम दाखवायला सांगा. फोटो उसने घेता येतात, असं चालत घर दाखवणं उसनं घेता येत नाही. त्यांच्या नावाचं वीजबिल मागा, आपलंही द्या. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे ४ आकडेच दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या. ‘आधी अनामत पाठवा’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

त्यानंतर एका पानाचा करार करा: तारखा, माणसं किती, कोणत्या खोल्या खुल्या, तुटफूट झाल्यास काय, रद्द केल्यास काय. सगळ्यात जास्त भांडणं या शेवटच्या मुद्द्यावरून होतात. एकाने तिकिटं काढलेली असतात आणि दुसऱ्याकडे आजारपण निघतं. म्हणून करारावर सह्या झाल्यावर दोघांनीही एकाच दिवशी तिकिटं काढावीत.

दागिने आणि कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. घरफोडीच्या विम्याची भरपाई सहसा कुलूप-कडी फोडल्याची खूण असली तरच मिळते. तुम्हीच किल्ली दिलेल्या माणसाने काही नेलं तर विमा कंपनी हात वर करते. एक कपाट कुलूपबंद ठेवलं तर त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही. सोसायटीच्या कचेरीत पाहुण्यांची नावं, तारखा लेखी द्या, वॉचमनलाही सांगून ठेवा. किल्लीचा दुसरा जोड शेजाऱ्यांकडे असू द्या.

आमचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे, बाई रोज येतात, वीजबिलाचं काय करायचं? (पुणे)

शाकाहाराची अट पहिल्याच निरोपात घाला. ‘ते समजून घेतील’ असं धरून चालणाऱ्यांना पुढे नवी भांडी घ्यावी लागतात. देवघराचंही स्पष्ट सांगा: रोज दिवा लावायचा की दार ओढून ठेवायचं.

बाईंना सुट्टी देऊ नका. पगार तुम्हीच द्या आणि पाहुण्यांची ओळख आधी करून द्या. घरात काही बिघडलं तर पहिला फोन त्याच करतील.

मीटरचा फोटो निघताना घ्या, परतल्यावर पुन्हा घ्या. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की ८-१० युनिट सहज जातात, आणि त्यामुळे तुमचं बिल वरच्या टप्प्यात गेलं तर त्या टप्प्यातल्या युनिटांना जास्त दर लागतो. दोन्ही घरांत एसी असेल तर सोडून द्या. एकाच घरात असेल तर ठरावीक युनिटांपुढचे पैसे पाहुण्यांनी द्यावेत, असं करारात लिहा.

फ्रिजवर एक कागद चिकटवा: गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करायचा, गिझरचं बटण दाराबाहेर आहे, पाणी सकाळी ६ ते ८, ओला कचरा हिरव्या डब्यात, प्लंबरचा नंबर. मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं झाकण दाबून धरावं लागतं, असल्या खोडीही लिहा. पाहुणे नेमके त्यातच अडकतात.

फ्रान्समधल्या कुटुंबाशी जमतंय. कागदपत्रांचं काय? (नाशिक)

शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा) राहण्याचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. फ्रान्समध्ये खासगी घरी उतरणाऱ्याच्या यजमानाने आपल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासिओं दाक्यूई’ हे पत्र काढायचं असतं. पण ते घर सोडून तुमच्याकडे येणार असतील तर काय चालेल, हे व्हिसा केंद्राला लेखी विचारा आणि उत्तर आल्याशिवाय तिकीट काढू नका.

ते तुमच्याकडे आल्यावर २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्यांची माहिती एफआरआरओला, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला, ऑनलाइन कळवावी लागते. पूर्वी ‘सी फॉर्म’ म्हणत तो हाच. तो फक्त हॉटेलांसाठी आहे असा गैरसमज आहे, घरमालकालाही तो लागू होतो. त्या दिवशी तुम्ही विमानात असाल, म्हणून नोंदणी आधीच करून ठेवा आणि फॉर्म भरण्याचं काम विश्वासू माणसाकडे सोपवा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच मागवून घ्या.

घर भाड्याचं आहे. चालेल का? (डोंबिवली)

घरमालकाची लेखी परवानगी असेल तरच. लिव्ह अँड लायसन्स करारात जागा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची नाही, अशी अट बहुतेक असतेच.