'स्टिफ' समीकरणाला मराठीत काय म्हणावं?

सोलापूरच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याला अणुभट्टीच्या गतिकीवरचा प्रकल्प मराठीत लिहायचा आहे. तिथल्या 'स्टिफ' समीकरणांना कडक म्हणू, अवघड म्हणू, की अरेषीय चालेल, असा त्याचा प्रश्न आहे.

ताठर म्हणा. 'कडक' सोलापुरात भाकरीने केव्हाच घेतलाय, आणि कडक वस्तू मोडते. इथे काही मोडत नाही. 'अवघड'ही नको, उत्तराचा आलेख बहुतेक वेळ सरळसोट असतो. 'अरेषीय' (ज्यात अज्ञातांचा एकमेकांशी गुणाकार किंवा घात येतो) मात्र साफ चूक, आणि खरा घोटाळा तिथेच होतो.

ताठरपणा येतो काळाच्या दोन टोकांमुळे: त्याच समीकरणांत काही घटक फार झपाट्याने बदलतात, काही फार संथ. युरेनियम-235 मध्ये विलंबित न्यूट्रॉनांचा (अणू फुटल्यावर काही वेळाने निघणाऱ्यांचा) वाटा सुमारे 0.0065. न्यूट्रॉनच्या पिढीचा काळ 0.00002 सेकंद धरा, रिअ‍ॅक्टिव्हिटी (साखळी प्रक्रिया समतोलापासून किती ढळली त्याचं माप) शून्य धरा: जलद घटक सेकंदाला 325 या दराने विझतो. विलंबित न्यूट्रॉनांच्या सहा गटांतल्या सर्वांत संथ गटाचा दर सेकंदाला 0.0124 च्या आसपास. आता साध्या ऑयलर पद्धतीने (पायरीच्या सुरुवातीच्या दरावरून पुढची किंमत काढणाऱ्या) 0.01 सेकंदाची पायरी घ्या. दर पायरीला चूक −2.25 ने गुणली जाते. दहा पायऱ्यांत तीन हजार पटींवर, चिन्ह दरवेळी उलटं. पायरी 0.006 च्या आसपासच ठेवावी लागते, म्हणजे दहा मिनिटांसाठी लाखभर पायऱ्या. बॅकवर्ड ऑयलरमध्ये, म्हणजे पायरीच्या शेवटचा दर वापरला की, तोच गुणक 0.24 होतो आणि चूक विरते. ट्रॅपेझॉइडल नियम (दोन्ही टोकांच्या दरांची सरासरी घेणारा) फुटत नाही, पण 0.1 सेकंदाच्या पायरीला गुणक −0.88, नियंत्रक दांडा एकदम हलवला की आलेख बराच वेळ वरखाली होत राहतो.

इथवर अरेषीयता कुठेच नाही, तरी समीकरणं ताठर आहेत. इंधन तापून रिअ‍ॅक्टिव्हिटी घटते हे धरलं की रिअ‍ॅक्टिव्हिटी गुणिले न्यूट्रॉनसंख्या असं पद येतं, आणि मग समीकरणं अरेषीय होतात. त्यावर उपाय वेगळा: प्रत्येक पायरीत न्यूटनची पद्धत, म्हणजे अंदाज घेऊन तो फेरीफेरीने सुधारणं. न्यूट्रॉनसंख्या, सहा गट, तापमान अशी आठ अज्ञातं, 8×8 चा जॅकोबियन (प्रत्येक समीकरण प्रत्येक अज्ञातासोबत किती बदलतं त्याचा तक्ता), पहिला अंदाज मागच्या पायरीचा. पाच-सहा फेऱ्यांत जुळलं नाही तर पायरी निम्मी करा. मागच्याच पायरीचं तापमान वापरून न्यूटन टाळता येतो, पण परिणाम एक पायरी उशिरा पोचतो आणि शक्तीचं शिखर खऱ्याहून उंच येतं.

म्हणून अहवालात दोन्ही शब्द ठेवा: 'तापमानाच्या परिणामासह ही समीकरणे ताठर आणि अरेषीय आहेत.' नाम हवं तिथे 'ताठरता'.