पडताळा घे

बाळ,

शनिवारी आलीस आणि चहाही न घेता गेलीस. वेर्ण्याच्या कंपनीत झालेल्या तपासणीचा कागद तेवढा पुढे केलास. १४८/९२. आई म्हणते गोळी सुरू कर, काका म्हणतात २७ वर्षांच्या मुलीला कसलं आलंय बीपी. दोघांचं ऐकून तू रात्रभर जागी. घरी किती वेळा मोजलंस विचारलं, तर एकदाही नाही!

वर्गात मी तुला काय शिकवलं होतं? उत्तर आलं की पडताळा. एका आकड्यावर रडायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. वही घे. सात दिवस, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मधे मिनिटभर थांबून. आधी अर्धा तास चहा नको. लघवीला जाऊन ये, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. १३५/८५ किंवा त्याहून जास्त निघाली तर डॉक्टरांकडे वहीच ने. इतक्या लहान वयात मूत्रपिंड, थायरॉईडही बघायला लागतं. मात्र १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर वही राहू दे, थेट इस्पितळ गाठ.

वरचा आकडा 'शंभर अधिक वय' इतका चालतो, हे काकांचं सूत्र आमच्याही घरात होतं. यजमान ४४ चे असताना शिबिरात वरचा आकडा १५० निघाला. मीच म्हटलं, १४४ चालतात, सहाच तर जास्त. गणिताच्या बाईंनी पडताळा घेतला नाही. सहा वर्षं कुणीच मोजलं नाही. मग आषाढातल्या एका सकाळी त्यांच्या हातातला पेला पडला, आणि तो हात पुन्हा उचलला गेला नाही.

वयाबरोबर धमन्या ताठर होतात, वरचा आकडा चढतो, पन्नाशीनंतर खालचा उतरू लागतो. सगळ्यांचं तसं होतं म्हणून ते निरोगी ठरत नाही, एवढं काकांना सांग. सासऱ्यांचं तर आम्ही कायम बसवूनच मोजलं. उभं राहिल्यावर ते झपकन उतरतं, हे ते न्हाणीघरात पडून खुबा मोडल्यावर कळलं. म्हाताऱ्या माणसाला उभं करूनही मोजायचं असतं गं!

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. पेजेबरोबर चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, आणि खारा बांगडा घेतलास की त्यातलं बरंचसं तिथेच संपलं. तुझ्या आईला हे पटणार नाही, तरी सांग.

आणि वही टाकू नकोस. उद्या दिवस गेले आणि पाचव्या महिन्यानंतर बीपी चढलं, तर ते आधीपासूनचं की गरोदरपणातलं, हे या आकड्यांवरून कळेल.

लोक म्हणतात, बाईंनी घराचा दवाखाना केला. म्हणोत. त्या सकाळनंतर यजमान अकरा वर्षं जगले आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाचा आकडा माझ्याकडे आहे. आधीच्या सहा वर्षांचा एकही नाही.

रविवारी ये. यंत्र माझं घेऊन जा. पट्टा तुझ्या दंडाला आखूड पडला तर आकडा फुगेल, तेवढं आधी बघू.

तुझी,
बाई