सहलीत काढलेल्या फोटोवर हक्क कोणाचा?

प्रश्न : मी नाशिकची. पुण्यातल्या एका आयोजकाबरोबर इटलीतल्या तोस्कानात फोटोग्राफीच्या सहलीला गेले होते. पिएन्झाजवळच्या विटालेटा चॅपेलचा, पहाटेच्या धुक्यातला एक फोटो मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तोच आता पुढच्या सहलीच्या जाहिरातीत आलाय, खाली नाव मार्गदर्शक सरांचं! विचारलं तर म्हणतात, "जागा आम्ही दाखवली, सेटिंग सरांनी सांगितलं, शिवाय तुम्ही फॉर्मवर सही केलीय." मी काय करू?

उत्तर : ताई, जागा दाखवणाऱ्याचा फोटोवर हक्क होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्ती हीच त्याची कर्ता आणि पहिली मालक. दुसऱ्याकडून मोबदला घेऊन त्याच्या सांगण्यावरून काढलेला किंवा नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो हे अपवाद, पण इथे तर पैसे तुम्हीच मोजलेत. ट्रायपॉड कुठे लावा, शटर स्पीड किती ठेवा, हे सरांनी सांगितलं असेल. ती शिकवणी झाली. मात्र सरांनी तुमचा कॅमेरा हातात घेऊन स्वतः बटण दाबलं असेल, तर तुमच्या वकिलाला ते आधीच सांगा. फोटो इटलीत काढला म्हणून इथला हक्क जात नाही आणि त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही.

खरा प्रश्न फॉर्मचा. त्याची प्रत आजच मागवा आणि शब्दन् शब्द वाचा. अशा फॉर्ममध्ये बहुतेकदा परवानगी असते ती तुम्ही ज्यात दिसता ते फोटो वापरायची; तुम्ही काढलेले फोटो ही वेगळी गोष्ट. तेही प्रसिद्धीसाठी वापरू, असं स्पष्ट लिहिलं असेल तर वापराबद्दलची तुमची तक्रार लंगडी पडेल. पण नावाचं काय? कलम ५७ प्रमाणे हक्क लिहून दिल्यानंतरही 'हे काम माझं' म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. माझ्या मते तुमची सर्वांत भक्कम बाजू हीच आहे, आणि दुसऱ्याचं नाव घालणं मला फुकट वापरण्याहून गंभीर वाटतं.

त्या पहाटे सगळेच एका ओळीत, त्याच टेकडीकडे कॅमेरे लावून उभे असणार. त्यामुळे "हा आमचाच फोटो" असं उत्तर येऊ शकतं. म्हणून एका फाइलवर थांबू नका. आधीच्या-नंतरच्या सगळ्या फ्रेम मूळ रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, काहीही प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये जपा. चॅपेलच्या बाजूच्या सायप्रसांवर धुकं कसं चढत गेलं, हे त्या मालिकेत दिसेल आणि ती फक्त तुमच्याकडे असेल. मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती सहसा उरत नाही. कोर्टात या फाइल दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

आधी वकिलामार्फत नोटीस द्या : जाहिरात काढा, तुमच्या नावानिशी दुरुस्ती छापा, वापराचा मोबदला द्या. सोशल मीडियावरच्या प्रतीसाठी त्या कंपनीकडे कॉपीराइट नियम, २०१३ खाली लेखी तक्रार करता येते. कंपनीची खात्री पटली तर ३६ तासांत फोटो बंद व्हायला हवा. पण २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो, म्हणून दाव्याची तयारी झाल्यावरच ही तक्रार करा. दावा तुम्ही राहता तिथे, नाशिकलाच लावायची मुभा कॉपीराइट कायद्याचं कलम ६२ देतं. मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई दोन्ही मागा. फौजदारीची घाई नको.

आणि रागाच्या भरात ग्रुप सोडू नका, तो फोटोही डिलीट करू नका. तुम्ही तो केव्हा टाकलात याची तारीख-वेळ तिथे आहे.