शब्दशंका : ‘चहा की कॉफी’ आणि ‘चहा किंवा कॉफी’

(या सदरात चिनी शब्दांचे उच्चार देवनागरीत ढोबळमानाने दिले आहेत. सुरांचे, म्हणजे शब्द उच्चारतानाच्या आवाजाच्या चढ-उतारांचे, क्रमांक आवश्यक तेथेच दिले आहेत.)

प्रश्न : मी पुण्यातील एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो आणि वर्षभरापासून चिनी शिकतो आहे. आमचे पुस्तक इंग्रजी माध्यमाचे असून त्यात ‘ऑर’ या एका शब्दासमोर ‘हाइश’ आणि ‘ह्वोच’, ‘नो’ (know) या शब्दासमोर ‘चताओ’ आणि ‘रनश’, तर ‘वुई’समोर ‘वोमन’ आणि ‘चान्मन’ असे दोन-दोन शब्द येतात. मागच्या महिन्यात मी तिकडच्या पुरवठादाराला ‘माल मंगळवारी ह्वोच बुधवारी पाठवाल?’ असे विचारले, तर ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर आले. माझे काय चुकले?

उत्तर : आपण विचारले ‘मंगळवारी किंवा बुधवारी पाठवाल?’ आणि विचारायचे होते ‘मंगळवारी पाठवाल की बुधवारी?’ पुरवठादाराने आपल्याला दोन्ही दिवस चालतील असा अर्थ घेतला आणि होकार कळवला. त्याचे काहीच चुकले नाही. दोहोंतले एक निवडून सांगा, असे विचारताना चिनी माणूस ‘हाइश’ वापरतो आणि दोहोंपैकी काहीही चालेल, असे विधान करताना ‘ह्वोच’ वापरतो. हा भेद इंग्रजी ‘ऑर’मध्ये बुडून जातो, मराठीत मात्र तो रोजच्या बोलण्यात आहे. पाहुण्याला आपण ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारतो, आणि पाहुणा ‘चहा किंवा कॉफी, काहीही चालेल’ असे म्हणतो. हे साम्य आणखी पुढेही जाते. ‘तो चहा घेतो की कॉफी, मला ठाऊक नाही’ हे वाक्य प्रश्नार्थक नसूनही मराठीत ‘की’च येते, कारण त्याच्या पोटात प्रश्न दडलेला आहे, चिनीतही नेमक्या याच जागी ‘हाइश’ येते, आणि इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी याच जागी हमखास अडखळतात.

उरलेल्या दोन जोड्यांनाही हीच किल्ली लागते. ‘चताओ’ म्हणजे ठाऊक असणे, ‘रनश’ म्हणजे ओळखणे. एखाद्या मंत्र्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, पण म्हणून आपण त्यांना ओळखतो असे होत नाही. अक्षरे वाचता येण्यालाही चिनीत ‘रनश’च म्हणतात, आणि आपल्याकडे ‘अक्षरओळख’ हा शब्द आहेच. ‘चान्मन’ म्हणजे समोरच्याला धरून आपण; ‘वोमन’ म्हणजे प्रामुख्याने आम्ही. येथे दोन सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागतील. पहिली अशी की, ‘चान्मन’ हा उत्तरेकडच्या, विशेषतः बीजिंगच्या बोलण्यातला घरगुती शब्द आहे, आणि ‘वोमन’ हा ‘आपण’ या अर्थानेही सर्रास चालतो. म्हणून व्यवहाराच्या पत्रात ‘वोमन’ लिहिणेच बरे. दुसरी अशी की, मराठीतले आदरार्थी ‘आपण’, म्हणजे ‘आपण कधी आलात?’ यातले, येथे आणू नये; त्यासाठी ‘निन’ हा वेगळा शब्द आहे.

माझा सल्ला असा की, पुस्तक इंग्रजी असले तरी वहीत अर्थ मराठीतच लिहावा. निम्मे घोटाळे चिनीचे नसून मधल्या इंग्रजीचे असतात.

प्रश्न : मी नाशिकची विद्यार्थिनी आहे. ‘ह्वेइ’, ‘नंग’ आणि ‘खयी’ या तिन्ही शब्दांचा अर्थ आम्हाला ‘शकणे’ असा सांगितला आहे. ‘दोन’साठी ‘अर’ केव्हा आणि ‘ल्यांग’ केव्हा, हेही कळत नाही.

उत्तर : ‘शकणे’ या एका शब्दावर तिघांचा भार टाकला, तेथेच गफलत झाली. मराठीत आपण शिकलेल्या गोष्टीबद्दल ‘येणे’ म्हणतो : ‘मला पोहता येते.’ हे ‘ह्वेइ’. शरीराची ताकद किंवा त्या वेळची परिस्थिती सांगायची असेल तर ‘शकणे’ : ‘आज सर्दी झाली आहे, त्यामुळे पोहू शकत नाही’, किंवा ‘ती ५०० मीटर पोहू शकते.’ हे ‘नंग’. परवानगी विचारायची असेल तर ‘चालणे’ : ‘येथे पोहले तर चालेल का?’ हे ‘खयी’. नकार देताना मात्र ही घडी थोडी विस्कटते, कारण ‘पु खयी’ (‘पु’ म्हणजे ‘नाही’) म्हटले की स्पष्ट मनाई होते, आणि नुसते ‘जमणार नाही’ असे सांगायचे असेल तर ‘पु नंग’ म्हणावे लागते. शिवाय ‘ह्वेइ’ भविष्यकाळाचा अंदाजही सांगतो. ‘उद्या पाऊस पडेल’ यात तो येतो, आणि तेथे पावसाला काही येते-जाते असा अर्थ घेऊ नये.

‘दोन’च्या बाबतीत मराठी तितकीशी मदत करत नाही. मोजलेल्या वस्तूंची संख्या सांगताना ‘ल्यांग’ येतो आणि त्याच्यानंतर मापशब्द (‘दोन नग’मधल्या ‘नग’सारखा शब्द, खालच्या उदाहरणातला ‘क’) लागतो. अंकांची नुसती उजळणी, फोन नंबर, क्रमांक, तसेच १२, २० किंवा २२ यांसारख्या संख्या यांत ‘अर’ येतो. महिन्यांचे उदाहरण पाठ करून ठेवावे. ‘ल्यांग क युए’ म्हणजे दोन महिने, आणि ‘अर युए’ म्हणजे क्रमाने दुसरा महिना, अर्थात फेब्रुवारी. पैसे देण्याच्या मुदतीत या दोहोंची अदलाबदल झाली, तर काय होईल ते सांगायला नको. वाजले किती, या प्रश्नाला मात्र ‘ल्यांग’च लागतो, आणि २०० साठी दोन्ही चालतात. गंमत अशी की, ‘ल्यांग’ हे वजनाचेही नाव आहे. आज चीनमध्ये ते ५० ग्रॅमचे असून असे १० ल्यांग मिळून एक ‘चिन’ हे मोठे वजन होते. पूर्वी आपल्या शेरात जसे १६ छटाक, तसे चिनात १६ ल्यांग असत. तेव्हा दोन ल्यांग वजन मागताना ‘ल्यांग ल्यांग’ असे न म्हणता ‘अर ल्यांग’ म्हणतात.

आपण विचारले नाही, पण मराठी माणूस हमखास फसतो ती जोडी ‘चाइ’ आणि ‘यौ’ यांची आहे (‘चाइ’मधला च चाकातला). दोन्हींचा अर्थ ‘पुन्हा’. ‘पुन्हा या’ यात जे व्हायचे आहे, तेथे ‘चाइ’. ‘तो पुन्हा आला’ यात जे होऊन गेले, तेथे ‘यौ’.

प्रश्न : ‘माइ’ म्हणजे विकत घेणे आणि ‘माइ’ म्हणजेच विकणे. बाजारात कोण कोणाला काय म्हणतो आहे, हे समजते तरी कसे?

उत्तर : सुरावरून समजते. घेण्याचा ‘माइ’ तिसऱ्या सुरात, म्हणजे आवाज खाली दबवून म्हटला जातो. विकण्याचा ‘माइ’ चौथ्या सुरात, म्हणजे कोणाला दरडावून ‘थांब!’ म्हणावे तसा वरून खाली तोडला जातो. लिहिताना विकण्याच्या अक्षराच्या डोक्यावर बेरजेच्या चिन्हासारखी खूण अधिक असते, तेव्हा डोळा सहसा चुकत नाही, कानच चुकतो. चिनी लोकांना दोष देण्यापूर्वी आपलेही ‘विकत घेणे’ आणि ‘विकणे’ हे एकाच मुळाचे आहेत, हे ध्यानात घ्यावे.

सूर चुकला तरी पुष्कळदा आजूबाजूचे शब्द सांभाळून घेतात. ‘श्वेइच्याओ’ तिसऱ्या सुरात म्हटले तर उकडलेले, सारण भरलेले डंपलिंग, आणि चौथ्या सुरात म्हटले तर झोपणे. खाणावळीत कोणी ‘एक वाटी झोप’ मागितली, तरी ‘वाटी’ ऐकून वाढणारी बाई हसते आणि बरोबर पदार्थ आणून ठेवते. ‘मी माइ’ म्हणणाऱ्याला मात्र असा आधार मिळतोच असे नाही, म्हणून ही जोडी शिक्षकांसमोर गिऱ्हाईक आणि दुकानदार अशी पाळीपाळीने भूमिका घेऊन घोटावी. दोन्ही एकापुढे एक ठेवून, दुसरा सुराविना, हलका उच्चारला, की ‘माइमाइ’ म्हणजे व्यापार होतो. त्यातही आधी घेणे आणि मग विकणे हाच क्रम आहे.